१५ सप्टेंबर : एक तारीख, चार गोष्टी

१५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याला आठवतो अभियंता दिन. फोटोला हार, एक भाषण, चहा-बिस्किटं, की पुन्हा सबमिशन! पण याच तारखेला इतिहासात आणखीही बरंच काही घडलंय.

१८३० : इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन. वाटेत इंजिन पाणी भरायला थांबलं, तेव्हा खासदार विल्यम हस्किसन खाली उतरले. शेजारच्या रुळावरून आलेल्या ‘रॉकेट’ इंजिनाखाली ते सापडले आणि त्याच रात्री वारले. ‘गाडीतून उतरू नका’ अशी सूचना प्रवाशांना आधीच दिलेली होती!

१९१६ : पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी रणगाडे प्रथमच वापरले. शेतातल्या ट्रॅक्टरचे साखळीपट्टे आता खंदक ओलांडू लागले. त्यातले बरेच रणगाडे वाटेतच बंद पडले, पण युद्धाची तऱ्हा बदलली ती कायमची.

१९५९ : दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. मुंबईला मात्र १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली.

आणि १८६१ : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्म. शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत. पुढे १९०३ मध्ये त्यांनी खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडणार, पातळी उतरली की आपोआप मिटणार. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला आणि पुराच्या रात्री कुणी चाक फिरवायला धावण्याची गरज उरली नाही.

आता, ही तारीखच शुभ किंवा अशुभ असं काही नाही हं! फक्त २३ जण जमले तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त असते. आपल्या विंगमध्ये मोजून बघा. मग शेकडो वर्षांच्या घटना ३६६ तारखांत एकमेकींवर येणारच.

तरी पहिली आणि शेवटची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. हस्किसनच्या वेळी सुरक्षेचा भार सूचनेवर होता. माणूस विसरला, संपलं. खडकवासल्यात तो भार डिझाइनवर होता. उद्या आपण साइटवर किंवा शॉप फ्लोअरवर उभे राहू, तेव्हा नुसता ‘सावधान’चा बोर्ड लावून मोकळं व्हायचं, की माणूस चुकला तरी जीव जाणार नाही असं काही बसवायचं? अभियंता दिनाच्या भाषणात हा प्रश्न आला, तर चहा थोडा उशिरा मिळाला तरी चालेल!