गोठणाऱ्या प्रदेशातील घरगुती नळ : विज्ञान, दुरुस्ती आणि धोरण

ग्रामीण पेयजलाचा विचार करताना सामान्यतः दुष्काळ, खोल गेलेली भूजलपातळी आणि टँकर यांचेच चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु देशाच्या उत्तरेकडील हिमालयीन पट्ट्यात पाण्याच्या टंचाईला आणखी एक कारण आहे. तेथे उगमाशी पाणी असते, टाकीत पाणी असते, जलवाहिनीही अंगणापर्यंत आलेली असते. तरीही पहाटे नळ उघडल्यावर थेंबही येत नाही, कारण नळातील पाण्याचा बर्फ झालेला असतो. लडाख, काश्मीर खोरे, हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती आणि किन्नौर येथील अनेक वस्त्यांचा हा दर हिवाळ्याचा अनुभव आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये या काळाच्या प्रारंभीच श्रीनगरचे किमान तापमान उणे ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे तर पारा याहून बराच खाली जातो.

नळ का फुटतो?

या प्रश्नाचे उत्तर देताना विद्यार्थी पाण्याच्या दोन गुणधर्मांची गल्लत करतात. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक असते. हे पाण्याचे असंगत आचरण होय आणि तळ्याचे पाणी पृष्ठभागाकडून का गोठते याचा उलगडा त्यातून होतो. नळ फुटण्याशी मात्र संबंध येतो तो दुसऱ्या गुणधर्माचा. शून्य अंशाला पाण्याचे बर्फात रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.

मात्र बर्फ फुगून नळीची भिंत फोडतो, ही सार्वत्रिक समजूतही पूर्ण खरी नाही. गोठण्याची क्रिया नळीच्या भिंतीपासून आत सरकते आणि अखेरीस बर्फाचे एक बूच तयार होते. त्यानंतर बर्फ वाढत राहिला की उरलेले पाणी दोन्ही बाजूंना ढकलले जाते. मुख्य वाहिनीच्या बाजूला त्याला मागे सरकण्यास वाव असतो. बंद तोटीच्या बाजूला तो नसतो. त्यामुळे बूच आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब प्रचंड वाढतो आणि जो भाग सर्वांत कमकुवत असेल तो, मग ते नळीचे वळण असो, आट्यांचा सांधा असो वा पितळी तोटीचे अंग असो, तडकतो. म्हणूनच तडा पुष्कळदा प्रत्यक्ष बर्फ असलेल्या जागेपासून काही अंतरावर सापडतो. तोटी किंचित उघडी असेल तर हा दाब साठत नाही. तडा गेला तरी बर्फाच्या बुचामुळे गळती लगेच दिसत नाही. ती उघडकीस येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर.

गोठण्यास वेळ किती लागेल, हे पाणी किती उष्णता गमावते यावर ठरते. १५ मिलिमीटर अंतर्गत व्यासाच्या एक मीटर लांब नळीत सुमारे १७७ मिलिलिटर पाणी मावते. बर्फाच्या विलयनाचा अप्रकट उष्मा प्रतिग्रॅम ८० कॅलरी धरल्यास हे पाणी शून्य अंशाला पूर्ण गोठण्यासाठी त्यातून सुमारे १४,००० कॅलरी उष्णता निघून जावी लागते. उघड्या, वाऱ्यावरच्या धातूच्या नळीतून ती एका रात्रीत सहज निघून जाते. नळीभोवती गवत, काचतंतू किंवा रबरी फेसाचे वेष्टन गुंडाळल्यास ही गती मंदावते. परंतु वेष्टन उष्णता निर्माण करीत नाही, हे विसरता कामा नये. पाणी रात्रभर स्थिर राहिले आणि थंडी दिवसचे दिवस टिकली, तर उत्तम वेष्टनातील पाणीही गोठते. भिजलेले वेष्टन तर जवळपास निरुपयोगीच.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. तेथे नळ फुटत नाहीत, याचे कारण जमीन उबदार राहते आणि सूर्य वर येताच हवाही तापते. लडाखमध्ये जमीनच गोठते. ज्या खोलीपर्यंत जमिनीतील ओलावा हिवाळ्यात गोठतो तिला गोठणखोली म्हणता येईल. ती माती, ओलावा, बर्फाचे आच्छादन आणि तापमान यांनुसार बदलते. शीत वाळवंटात ती मीटरभराहून अधिक असू शकते. जलवाहिनी या खोलीच्या खाली पुरणे हा पहिला नियम आहे. खडकाळ उतारावर इतका चर खणणे खर्चाचे असते आणि कामाचा हंगाम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांपुरताच असतो. योजनांचा खर्च आणि विलंब यांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

गोठलेला नळ मोकळा करताना

सर्वप्रथम तोटी उघडावी. वितळलेल्या पाण्याला व वाफेला वाट मिळाली पाहिजे. नळी तडकल्याचा संशय असल्यास घराकडे येणारा मुख्य व्हॉल्व्ह आधी बंद करावा. त्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेले फडके तोटीपासून सुरुवात करून मागे मागे गुंडाळत न्यावे. मधूनच तापवण्यास प्रारंभ केल्यास दोन बुचांमध्ये पाणी कोंडते आणि नळीला नवा धोका निर्माण होतो. काश्मिरात व लडाखमध्ये नळाखाली शेकोटी पेटवण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यामागची निकड समजण्यासारखी आहे. पण ज्वाळेने प्लॅस्टिकची नळी वितळते, रबरी वायसर जळतो आणि सांधा ढिला होतो. उकळते पाणी एकदम ओतणेही बरे नव्हे, कारण असमान प्रसरणाने ओतीव पितळ तडकू शकते. पाणी वाहू लागल्यावर नळीचा बाह्यभाग कोरडा करावा, सर्व सांधे तपासावेत आणि तडकलेला भाग कापून बदलावा. तडकलेल्या तोटीवर चिंध्या बांधून हिवाळा काढणे म्हणजे पुढच्या थंडीला आमंत्रणच.

नव्याने जोडणी करताना तीच चूक पुन्हा होऊ नये, यासाठी मांडणीच बदलावी लागते. जस्तलेपित लोखंडी नळी गोठल्यावर तडकते. उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची नळी काहीशी ताणली जाऊन दाब सोसते, म्हणून अशा भागात तिला पसंती दिली जाते. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ४९८४ हे मानक याच नळ्यांसाठी आहे. तथापि नळी टिकली तरी तिच्या टोकाची धातूची तोटी आणि सांधे असुरक्षितच राहतात. यावरील सर्वांत साधा उपाय असा : बंद करण्याचा व्हॉल्व्ह घरातील उबदार जागी बसवायचा, तेथून बाहेरच्या तोटीकडे नळीला उतार द्यायचा आणि रात्री आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरची तोटी उघडी ठेवायची. नळीत पाणीच उरले नाही तर गोठणार काय?

अंगणातील सामायिक नळासाठी याच तत्त्वावरचा उभा नळ वापरता येतो. त्याची मूठ वर असते, पण पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या खालच्या टोकाला, गोठणखोलीच्या खाली असतो. मूठ बंद केली की उभ्या नळीतील उरलेले पाणी तळाच्या बारीक छिद्रातून भोवतीच्या खडीत निचरून जाते. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. तोंडाला रबरी नळी लावून ठेवली तर निचरा होत नाही आणि नळ गोठतो. तसेच भोवतीची जमीन पाणथळ असेल किंवा शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल, तर त्याच छिद्रातून दूषित पाणी आत शिरण्याचा संभव असतो. तेथे असा नळ बसवू नये.

उघड्या नळाची किंमत

नळ गोठू नये म्हणून रात्रभर धार सोडून ठेवणे ही पहाडी भागातील रूढ युक्ती आहे. वाहते पाणी सहसा गोठत नाही, हे खरे. मात्र मिनिटाला एक लिटर इतकी धारही दिवसभरात १,४४० लिटर पाणी वाहून नेते. जल जीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला २७५ लिटर. एका उघड्या नळातून पाच कुटुंबांचे पाणी जाते. हिवाळ्यात झरे आधीच आटलेले असतात. वरच्या आळीतील नळ उघडे राहिले की शेवटच्या घरांकडे जाणारा प्रवाह मंदावतो आणि मंदावलेला प्रवाह लवकर गोठतो. वरच्या घराची खबरदारी खालच्या घराचा नळ बंद पाडते. मग त्या घरातील स्त्रियांना घसरड्या वाटेने झऱ्यावर जाऊन, बर्फ फोडून पाणी आणावे लागते.

याच उघड्या नळांतून एका वेगळ्या कल्पनेचाही उगम झाल्याचे सांगितले जाते. लडाखचे निवृत्त अभियंता चेवांग नोरफेल यांच्या पाहण्यात आले की, हिवाळ्यात वाया जाणारे पाणी झाडांच्या सावलीत संथ झाले की तेथे थिजून राहते. पाणी संथ करून, सावलीत गोठवून वसंतातील पेरणीसाठी साठवण्याच्या या विचारातून त्यांनी कृत्रिम हिमनद्या उभारल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

धोरणातील प्रश्न

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी हा राज्यसूचीतील विषय आहे (नोंद १७), तर ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल हा पंचायतींकडे सोपवता येणारा विषय म्हणून नोंदला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे ३.२३ कोटी कुटुंबांकडे नळजोडणी होती. निधीच्या वाटपात केंद्राचा वाटा विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांसाठी १०० टक्के, हिमालयीन व ईशान्येकडील राज्ये आणि विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी ९० टक्के आणि उर्वरित राज्यांसाठी ५० टक्के ठेवण्यात आला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रशासित प्रदेश झालेला लडाख पहिल्या गटात मोडतो. २०२४ पर्यंतची मूळ मुदत २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा करण्यात आली.

या मिशनची मोजणी केवळ 'नळजोडणी'ची नसून 'कार्यरत घरगुती नळजोडणी'ची आहे. पुरेसे, विहित गुणवत्तेचे आणि नियमित पाणी, या तीन अटी तिला लागू आहेत. त्यातील 'नियमित' ही अट गोठणाऱ्या प्रदेशात सर्वांत कठीण ठरते. जुलैमध्ये पाहणी केली तर नळ कार्यरत आढळेल. तोच जानेवारीत कोरडा असू शकेल. त्यामुळे अशा गावांची तपासणी हिवाळ्यातही व्हावयास हवी, आणि चराची खोली, निचऱ्याची तोटी व वेष्टन या बाबी अंदाजपत्रकातच धरल्या जाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. देखभालीचे काम गाव पाणीपुरवठा समितीकडे असते व तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात असे मार्गदर्शक सूचना सांगतात. रात्री कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करावयाचा, उघड्या नळांवर निर्बंध कसा घालावयाचा आणि थंडी सुरू होण्यापूर्वी वायसर, तोट्या व नळ्यांचा साठा गावात कोठे ठेवावयाचा, याचा निर्णय हीच समिती घेऊ शकते. बर्फाने रस्ते बंद झाल्यावर तालुक्याहून फिटर येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.