जयपूरचा उन्हाळा आणि रस्त्याचे आयुष्य

जयपूर आणि किशनगढ यांना जोडणारा सुमारे ९० किलोमीटरांचा सहापदरी महामार्ग २००५ साली पूर्ण झाला. किशनगढ ही संगमरवराची मोठी बाजारपेठ असल्यामुळे दगडाच्या लाद्यांनी भरलेले मालट्रक या भागात नित्य दिसतात. अशा प्रदेशातील डांबरी रस्ता किती वर्षे टिकेल, हे तो बांधण्यापूर्वीच कसे अजमावतात, ते आता पाहू.

प्रथम उष्णतेचा विचार करू. मे महिन्यात जयपूरच्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. काळा रस्ता त्याहून पुष्कळच तापतो. त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास पोचतो. डांबर हा पदार्थ धड घन नाही आणि धड द्रवही नाही. ते तापून मऊ पडले, की चाकांखाली थोडे थोडे सरकते आणि रस्त्यावर चाकोरी उमटते. (बैलगाडीच्या वाटेचा हा जुना शब्द येथे नेमका उपयोगी पडतो.) पूर्वी आपल्याकडे डांबराची प्रत ठरविताना २५ अंश तापमानास त्यात सुई किती रुतते, हे पाहत असत. राजस्थानातील भर दुपारी तेच डांबर कसे वागेल, याचा उलगडा या कसोटीने होत नसे. २००६ साली भारतीय मानक बदलले आणि ६० अंशांस मोजलेली श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, हा मुख्य निकष ठरला.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. अरवलीतील क्वार्टझाइट खडक कठीण खरा. परंतु त्यात सिलिका विपुल असल्याने त्याच्या खडीला डांबर घट्ट धरून राहत नाही. पावसाचे पाणी आत शिरले, की दोन्ही विलग होतात. मिश्रणात थोडा विरलेला चुना घातल्यास ही पकड सुधारते.

भाराचे गणित मात्र सर्वांत महत्त्वाचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत रस्ता हा एकावर एक रचलेल्या लवचिक थरांचा समूह मानतात. डांबरी थराच्या तळाशी किती ताण पडतो, यावरून तडे केव्हा जातील हे काढतात. खालच्या मातीच्या माथ्यावर किती दाब पडतो, यावरून चाकोरीचा अंदाज घेतात. या हिशेबात ट्रकांची संख्या पुरेशी नसते. प्रत्येक आसावरील भार मोजावा लागतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले, की रस्त्याची हानी आसभाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला, तर हानी सोळापट!

भारतात २०१८ साली चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. ही वाढ सुमारे १३ टक्क्यांची. वरील नियमाने पाहता, पूर्ण मर्यादेपर्यंत भरलेला असा प्रत्येक आस आता पूर्वीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक हानी करतो. मर्यादा ओलांडणाऱ्या ट्रकांचा हिशेब यात धरलेलाच नाही. वाहतूकदाराला फेऱ्या कमी पडतात, हा त्याचा लाभ उघड आहे. परंतु आधीच बांधलेल्या रस्त्यांची जाडी त्या आदेशाने वाढली नाही. अशा रस्त्यांवर मुदतीपूर्वीच नवा थर चढवावा लागतो आणि त्याचा खर्च मालाच्या भाड्यात कोठेही दिसत नाही.