मत कसे बनते? : एक अभ्यासपाठ

काही विद्यापीठांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवसांचे अभ्यासवर्ग भरतात. ‘राजकीय संज्ञापन आणि लोकशाही’ हा अशा वर्गांचा एक विषय असतो. सकाळी व्याख्यान, दुपारी विद्यार्थ्यांचे निबंधवाचन आणि त्यावर चर्चा, असा साधारण क्रम. संज्ञापन हा शब्द जड वाटला तरी अर्थ सोपा आहे. सत्ता चालविणारे, सत्ता मागणारे, बातमी देणारे आणि मत देणारे यांच्यात सांगण्या-ऐकण्याची जी देवघेव चालते, ते राजकीय संज्ञापन. नोकरी, घर-संसार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना असे वर्ग गाठणे कठीण. परंतु विषय मात्र दर निवडणुकीला आपल्या दारापर्यंत चालत येतो. म्हणून तेथे शिकविल्या जाणाऱ्या काही मुख्य गोष्टी येथे पाठाच्या रूपाने मांडत आहोत.

पाठ पहिला : ओळखीच्या माणसाचा शब्द

१९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. रेडिओ आणि वृत्तपत्रे यांच्या प्रचाराने माणसे मत बदलतात, असा तेव्हा समज होता. अभ्यासात दिसले ते वेगळेच. प्रचार ऐकून पक्ष बदललेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांवर प्रभाव होता तो घरच्या, शेजारच्या, कामावरच्या माणसांचा. थोडे लोक वाचतात, ऐकतात, आणि बाकीचे त्या थोड्यांना विचारतात. १९४४ साली हा अभ्यास ग्रंथरूपाने आला. विचार दोन टप्प्यांनी पुढे सरकतो, हा सिद्धान्त त्यातूनच निघाला.

हा सिद्धान्त वाचताना आपली वस्ती डोळ्यांपुढे येते. कचेरीत, शाळेत, बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी विचारतेच, ‘साहेब, तुम्ही शिकलेले. यंदा काय करायचं?’ तो दुसरा टप्पा म्हणजे आपणच. आपण सहज बोललेले वाक्य चार घरांत ‘शिकलेल्या माणसाचे मत’ म्हणून जाते. तेव्हा ते वाक्य ऐकीव आहे की तपासलेले, याची जबाबदारी आपल्यावर येते.

पाठ दुसरा : चर्चेचा विषय कोण ठरवतो?

१९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी नॉर्थ कॅरोलिनातील चॅपल हिल गावी, मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारले की, तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग त्या भागातील वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी कोणत्या प्रश्नांना किती जागा देत होती, याच्याशी त्या उत्तरांची तुलना केली. दोन्ही यादींचा क्रम आश्चर्य वाटावे इतका जुळला. १९७२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे आलेला विचार असा, की बातमीदार आपल्याला काय मत बनवायचे हे सांगू शकत नसला, तरी कशाबद्दल मत बनवायचे हे तो ठरवू शकतो.

आपल्यासाठी हा पाठ फार मोलाचा आहे. नळाला पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, शाळेत शिक्षक नाही, दवाखान्यात औषध नाही, हे आपल्या घरचे प्रश्न. पण महिनाभर चर्चा मात्र कोण कुणाला काय बोलले याचीच. ज्याचा प्रश्न चर्चेत आला नाही, त्याचे मत मोजले गेले तरी त्याचे म्हणणे मोजले गेले नाही. म्हणून उमेदवार दारी येण्यापूर्वी आपल्या प्रश्नांची यादी आपण स्वतः लिहून ठेवली पाहिजे.

पाठ तिसरा : गप्प राहण्याची साथ

जर्मनीतील एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ साली एक विचार मांडला. आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटले की माणूस एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो. तो गप्प बसला की त्याच्या मताची माणसे आणखी कमी दिसतात, मग इतरही गप्प होतात. या विचारावर विद्वानांत वाद आहेत. तथापि बैठकीत मागच्या रांगेतील भगिनी काही न बोलता उठून जातात, हे आपण पाहिलेले आहे. त्यांच्या मौनाला संमती समजणे म्हणजे हिशेबच चुकविणे होय.

आपल्या देशाचा दाखला

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की, न वाचता येणाऱ्याने मत कसे द्यावे? उत्तर निघाले चिन्हाचे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. याच वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली होती. स्वतःचे नाव सांगणे हेही लोकशाहीतील पहिले संज्ञापनच आहे.

पुढे १९७७ च्या निवडणुकीत विविध पक्षांना आकाशवाणीवरून बोलण्याची संधी मिळाली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेण्यास कायद्याने बंदी आहे. मतदाराला शांतपणे विचार करता यावा, हा तिचा हेतू. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हेगारी प्रकरणे शपथपत्रावर जाहीर करावी लागतात. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, हे त्यामागचे सूत्र.

आता प्रचार सभेच्या मैदानावरून हातातल्या फोनवर आला आहे. खोट्या निरोपांचा सुळसुळाट झाल्यावर २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. पण खरी मर्यादा आपल्या बोटाला हवी. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. सही जुळल्याशिवाय धनादेश वटवीत नाही, व्हाउचरशिवाय पैसा हलवीत नाही. हीच शिस्त बातमीला लावावी. मूळ कुणाचे, तारीख कोणती, दुसऱ्या ठिकाणी पडताळा आहे का? तिन्हींचे उत्तर नसेल, तर तो निरोप आपल्याजवळच थांबवावा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी सावध केले होते. आपले स्वातंत्र्य कितीही मोठ्या माणसाच्या चरणी वाहू नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. वरील तिन्ही पाठ शेवटी तेथेच येऊन मिळतात. ऐकावे सर्वांचे, पण तपासावे आपण.

यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. निवडणुकीपूर्वीचे तीन रविवार सभागृहात बसावे. पहिल्या रविवारी वस्तीच्या प्रश्नांची यादी करावी आणि सुरुवात मागच्या रांगेतील भगिनींपासून करावी. दुसऱ्या रविवारी उमेदवारांची शपथपत्रे मोठ्याने वाचावीत. तिसऱ्या रविवारी आठवडाभराची वृत्तपत्रे आणि फोनवर आलेले निरोप त्या यादीशेजारी ठेवून पाहावेत. कुणाला मत द्यायचे, हे तेथे कुणीही सांगू नये. तो निर्णय पडद्याआड एकट्याने घ्यायचा असतो. आपले काम एवढेच की, तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती अफवा नव्हे, माहिती असावी.