पशुवैद्यापुढें धन्याची साक्ष

माणसांचा वैद्य रोग्यास ‘कोठें दुखतें?’ असें विचारूं शकतो. गुरांच्या वैद्यास ती सोय नाहीं. म्हणून त्याच्या विद्येचा निम्मा भाग पाहण्याचा आहे. गोठ्यांत येतांच तो औषधाची पेटी उघडीत नाहीं, याबद्दल कित्येक मंडळी कुरकुरतात. परंतु तो उगाच उभा नसतो. जनावराचें उभें राहणें, श्वास, नाकपुडीचा ओलावा व शेण तो दुरून पाहतो, शेपटीच्या मुळाशीं खालून बोट लावून नाडी मोजतो, थर्मामीटर लावतो (निरोगी गाईच्या अंगची उष्णता सुमारें १०१.५ अंश फॅरेनहाइट असते), आणि डाव्या कुशींत मूठ दाबून पोट हलतें कीं नाहीं हें अजमावतो.

मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आज या विद्येच्या पदवीस साडेपांच वर्षें लागतात. एवढें शिकूनही उरलेली हकीकत धन्याच्याच तोंडून कळावयाची, आणि खरा घोटाळा तेथें होतो असें आमचें मत आहे.

दुग्धज्वराचेंच घ्या. नांव ज्वर, पण अंग मात्र गार पडतें! भरपूर दुधाची गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत एकाएकीं बसते व मान कुशीकडे वळविते. रक्तांतील कॅल्शियम उतरल्यामुळें हें होतें. वैद्य तें शिरेंतून अगदीं हळू देतो व हृदयाचे ठोके ऐकत राहतो, कारण मात्रा जास्त किंवा जलद गेल्यास हृदयच बंद पडतें. आतां त्यापूर्वीं कोणा शेजाऱ्यानें एक बाटली टोंचून ठेविली असेल व धनी संकोचानें गप्प बसेल, तर दुसरी बाटली प्राणघातक होऊं शकते. अशा गाईस काढा पाजणेंही धोक्याचें. तिला नीट गिळतां येत नाहीं व काढा फुफ्फुसांत उतरतो. पाजलाच असेल तर तसें सांगावें. वैद्य कांहीं फौजदार नव्हे.

फाशी रोगांत तर लपविण्यानें माणसाच्या जिवावर बेततें. धडधाकट जनावर अकस्मात् मेलें व नाका-गुदद्वारांतून न गोठणारें काळें रक्त आलें, तर कातडें काढूं नये, प्रेत फाडूं नये. दवाखान्यांत वर्दी द्यावी. कानाच्या रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन वैद्य परीक्षा करवितो. या रोगाचें बीज मातींत वर्षानुवर्षें टिकतें. बुळकांड्या २०११ सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, तें लशीबरोबरच वेळेवर मिळालेल्या वर्दीमुळेंही होय.

आमची हयात पंचनामे व फेरफार लिहिण्यांत गेली, तेव्हां आम्हांस नोंदीचें वेड आहे असें कोणी म्हणेल, म्हणोत. गोठ्यांत खुंटीस एक वही टांगावी. तींत गाय भरविल्याची व व्याल्याची तारीख, लस, आणि कोणीं कोणतें औषध दिलें तें लिहावें. औषधानंतर किती दिवस दूध डेअरीस घालूं नये हें वैद्यास विचारून तेंही त्याच पानावर टिपावें.