विहिरीवरील पंपास लहान संगणकाची जोड

शेतीच्या वाहिनीवर वीज रात्रीची असली म्हणजे पिकास पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास बॅटरी हाती घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जावे लागते. अंधार, चिखल आणि सापविंचू यांचे भय असतेच. शिवाय मध्येच वीज गेली तर ती परत येईपर्यंत तेथेच बसून राहावे लागते. ही यातायात चुकविण्यासाठी पुष्कळांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घेतला आहे. वीज आली की पंप सुरू करावयाचा, एवढेच त्यास ठाऊक. विहिरीत पाणी आहे की नाही, टाकी भरली आहे काय, हे तो पाहत नाही. त्यातून एका रोहित्रावरील दहाबारा पंपांना ऑटो असले म्हणजे वीज येताक्षणी साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होतेवेळी मोटार नेहमीच्या पाचसहा पट विद्युत्प्रवाह ओढते. हा भार न सोसून फ्यूज उडतात, प्रसंगी रोहित्र जळते, आणि मग साऱ्या शिवाराचे पाणी बंद पडते.

ऑटोला जो विचार करता येत नाही तो एका लहानशा संगणकाकडून करवून घेता येतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच पट्टीवरील संगणक २०१२ साली विक्रीस आला. त्याची नेहमीची पट्टी साडेआठ सेंटिमीटर लांब व सुमारे साडेपाच सेंटिमीटर रुंद असते. तीवर ४० पिना असून त्यांतील बऱ्याच पिना संदेश घेण्याच्या व देण्याच्या कामी येतात. लिनक्स ही आज्ञावली त्यावर विनामूल्य चालते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावयास हवी. या पिनांवर केवळ ३.३ व्होल्टचा दाब असतो. पाच व्होल्ट लावले तरी पिन निकामी होऊ शकते. म्हणून पिनेने एक रिले चालवावयाचा, रिलेने स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची कॉइल, आणि कॉन्टॅक्टरने मोटार. बाजारातील लहान रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सातआठ अँपिअरच घेते, तेव्हा ती सरळ रिलेवर चालेल, असा कित्येकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. मोटार सुरू होतानाच्या प्रवाहाने रिलेचे संपर्क चिकटून बसतात आणि पंप बंदच होत नाही. स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर तीदेखील या रिलेवर जोडू नये. मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा दुसरा कॉन्टॅक्टर घालावा. स्टार्टरमधील ओव्हरलोड व सिंगल फेज प्रिव्हेंटर कॉइलच्या मार्गात पूर्ववत राहिलेच पाहिजेत. ही जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी.

विहिरीत व टाकीत एकेक तरंगती कळ सोडावी. पाणी पुरेसे असता विहिरीतील कळ जोडलेली आणि टाकीत जागा असता टाकीतील कळ जोडलेली राहील, अशी रचना करावी. मग एखादी तार उंदराने कुरतडली तरी पंप थांबतो, कोरडा चालत नाही. तिन्ही फेज आल्याची वर्दी फेज रिलेच्या संपर्काकडून मिळते. ती मिळाल्यावर काही मिनिटे थांबून मगच पंप सुरू करण्याची आज्ञा लिहावी. एका रोहित्रावरील शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून कोणी तीन, कोणी सहा, कोणी नऊ मिनिटे असे अंतर राखल्यास उत्तम.

संगणकासही वीज लागते, आणि ती अवचित गेली तर ज्या कार्डावर आज्ञावली असते ते बिघडण्याचा संभव असतो. यास्तव १२ व्होल्टची बॅटरी ठेवून तीवरून पाच व्होल्ट देणारा परिवर्तक लावावा. त्याच कार्डाची एक प्रत डब्यात जपून ठेवल्यास बिघाड अर्ध्या तासात निस्तरतो. २०२३ च्या ‘पाय ५’ पूर्वीच्या मुख्य पट्ट्यांवर स्वतःचे घड्याळ नसते. ‘पाय ५’ वर ते असले तरी त्याची बॅटरी निराळी जोडावी लागते. घड्याळाविना, इंटरनेट नसता, पुन्हा सुरू झालेला संगणक भलतीच वेळ धरून चालतो आणि पहाटेचे पाणी दुपारी सुटते. जुन्या पट्टीस डीएस३२३१ हे लहान घड्याळ जोडले म्हणजे ही अडचण राहत नाही.

घरी बसून टाकीची स्थिती पाहावयाची असल्यास ‘होम असिस्टंट’ ही विनामूल्य आज्ञावली सोयीची आहे. घरातल्या घरात ती इंटरनेटविना चालते. मात्र मोबाइलवरून पंप चालविण्याची हौस दुय्यम मानावी. आधी पंप आपोआप व वेळीच थांबतो की नाही, हे पाहावे.

ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिक दाखविताना प्रथम पंपाऐवजी साधा दिवा जोडावा. आठवडाभर कळा हाताने वरखाली करून, वीज मुद्दाम तोडून दिवा योग्य वेळी लागतो व विझतो याची खात्री करावी. संगणक बंद पडला असता दिवा विझलाच पाहिजे. स्टार्टरपाशी ‘हाताने’ व ‘आपोआप’ असा बदल करणारी कळ हवी. या व्यवस्थेत जवळ कोणी नसतानाही मोटार सुरू होते. म्हणून विहिरीत उतरण्यापूर्वी किंवा पंपास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप घालावे व किल्ली उतरणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. तशी पाटी मराठीत, ठळक अक्षरांत, स्टार्टरच्या पेटीवर लावावी.