गोळीच्या आकाराचे पेन (वाचा : यशया २:४)

अमेरिकेतील हौशी कातारी तयार संचातून पेन बनवतात. लाकडाला भोक पाडून पितळी नळी चिकटवायची (साध्या पेनाला ७ मि.मी.ची), लेथवर कातायचे, मग क्लिप-रिफिल बसवायचे. काही संच काडतुसासारखे असतात. बंदुकीसारखा खटका सरकवला की रिफिल पुढे येते. कारागिरी सुबक, यात शंका नाही.

काहींना यात यशयाचे वचन दिसते. मला दिसत नाही. तिथे तलवार ठोकून फाळ होतो, तलवारीचा आकारही उरत नाही. पुढे तर युद्धाची विद्या शिकणेच थांबते. इथे पेनाने गोळीचे सोंग घेतले आहे.

गडचिरोलीतल्या आमच्या मुलांना गोळी ठाऊक आहे. संच पाठवायचा असेल, तर साधाच पाठवा. साग इथे आहे.