फोन काढून घेईन, असं तिला म्हणू नकोस

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, लेक आठवीत गेली, सारखं मोबाइलमध्ये डोकं. काही उलटसुलट दिसलं तर फोनच काढून घेणार आहे." तेव्हा माझ्याकडं माणसं बसली होती म्हणून गप्प राहिले. आज सांगते. ही धमकी तिला कधीच देऊ नकोस.

पोरींना जाळ्यात ओढणारा आधी गोड बोलतो, मग एखादा फोटो मागतो. फोटो हाती लागला की एकच सांगतो, "तुझ्या घरी पाठवीन." त्याचं सगळं बळ तेवढ्यात. आणि आपल्या भोर-वेल्ह्याकडं पोरीला नुसती फोन जायची भीती नसते गं. वाडीवरनं एसटीनं खाली हायस्कूलला जाणं बंद होईल, बारावीच्या आधीच स्थळं बघायला लागतील, ही धास्ती असते. म्हणून ती तोंड मिटून बसते आणि तो मागेल ते देत राहते. तू धमकी दिलीस की त्याचं काम आणखी सोपं. तेव्हा काही घडायच्या आधीच तिला सांग, "काहीही झालेलं असू दे, मला सांगितलंस तर शाळा बंद होणार नाही, फोनही जाणार नाही." हे तिच्या बाबांच्या तोंडूनही येऊ दे. नुसत्या आईच्या शब्दावर पोरी निर्धास्त होत नाहीत.

बरं, तिचं इन्स्टाग्राम कुणाच्या जन्मसालावर आहे? मोबाइल घेताना दुकानातल्या पोरानं तुझंच टाकून दिलं होतं ना? 2025 पासून आपल्याकडं अठराच्या आतल्या मुलांना तिथं 'टीन अकाउंट' मिळतं. ते आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही. पण कंपनीच्या लेखी तुझी लेक पस्तिशीची बाई आहे, मग तिला ही राखण मिळणार कशी? तिच्या शेजारी बसून खरं साल टाकून घे. आणि तिनं तिथं टाकलेला तो फोटो आधी हटवायला सांग. छातीवर शाळेचा बिल्ला, मागं थांब्यावरची गावाची पाटी. पोर कुठली, कुठल्या शाळेची, एसटीला कुठं उभी राहते, सगळं एका फोटोत.

शाळाही हेच करते. स्नेहसंमेलनाचे फोटो पूर्ण नाव-इयत्तेसकट फेसबुकवर उघडे. धाकट्याच्या शाळेत तू व्यवस्थापन समितीवर आहेस. त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा तिथं नुसती सही करून उठू नकोस. नावं काढायला लाव. शिक्षकांचा मेसेज पालकांच्या गटावरच येईल, एकट्या मुलीला रात्री नाही, हे ठरवून घे. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती नुसती कागदावर आहे की खरंच बसते, तेही विचार.

मोबाइलची नुसती वेळ बांधूनही भागत नाही. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. अभ्यासाला फार चांगलं. पण पोरींना जाळ्यात ओढणारा माणूस रात्री 11 ला लिहितो, त्याला भोंगा पुरत नाही.

आणि कधी घडलंच, तर चॅट पुसू देऊ नकोस. आधी स्क्रीनशॉट, त्याच्या प्रोफाइलची लिंक, मग ब्लॉक. पैसे एक रुपयाही द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. गेलेच असतील तर लगेच 1930. मुलांसाठी 1098, कधीही लागतो. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' म्हणून सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याची खूण त्या सेवेत सामील असलेल्या कंपन्यांकडं जाते आणि त्यावरून त्या तो हटवतात.

गोष्ट शाळेपर्यंत गेली आणि मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू," तर ऐकू नकोस. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं त्यांनाही बंधनकारक आहे.

ठाण्यात पोरीला घेऊन बसावं लागेल, गाव बघेल, म्हणून आपण बाया कचरतो. पण याच कायद्यानं मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. जबाबाच्या वेळी आई-बाप जवळ बसतात. तिचं नाव कुठं छापता येत नाही. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, तू मागून घे. एकटीला जड वाटलं तर मला हाक मार, मी येते बरोबर.